सरांच्या कॅमेऱ्याची लेन्स

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात 'आमचे छंद' या सत्रात केलेले भाषण. वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी छापताना त्यात घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला आधी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आठवड्याचे पाच दिवस मी त्याच विषयावर बोलते आणि त्याचा पगार घेते, सुट्टीच्या दिवशी तरी सोडा. शिवाय जेवणाआधीच्या सत्रात तो विषय काढला असता तर निम्मे जण बाहेर जाऊन उभे राहिले असते आणि उरलेल्यांनी 'आमच्या मुलाला नोकरी लागेल ना' एवढंच विचारलं असतं. तेव्हा छंदावर बोलायचं ठरलं. माझा छंद तसा लहानसा आहे. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी जुन्या लेन्स शोधायच्या. पण त्यात आपल्या सगळ्यांचा थोडा थोडा संबंध आहे, म्हणून ही वस्तू बरोबर आणली आहे.

ओळखलंत? मागच्या रांगेतून उत्तर आलं ते बरोबर आहे. चित्रकलेच्या सरांचा कॅमेरा.

क्रीडादिन असो, गॅदरिंग असो, कुणाचा निरोपसमारंभ असो, हा सरांच्या गळ्यात असायचाच. १९९३ सालच्या बक्षीस समारंभाचा एकही फोटो का नाही, हेही काहींना आठवत असेल. सरांनी अख्खा रोल लेन्सचं झाकण न काढता काढला होता. आपण सगळे किती हसलो होतो! त्या हसण्यात आपलं अज्ञान होतं हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. या जातीच्या कॅमेऱ्यात झाकण लावलेलं असलं तरी बघणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं. तुम्ही बघता ती खिडकी वेगळी, आणि फोटो काढते ती लेन्स वेगळी.

हा लायका थ्री-एफ. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात १९५० ते १९५७ या काळात हे मॉडेल बनलं. सरांनी तो १९६६ साली मुंबईत सेकंडहँड घेतला होता. पुढच्या बाजूला ह्या दोन छोट्या गोल खिडक्या दिसतात ना, तो रेंजफाइंडर. दोन्हींतून एकाच माणसाचं चित्र आत येतं, पण थोडं सरकलेलं. मागच्या एका भोकाला डोळा लावायचा, लेन्स फिरवायची, दोन नाकं एकमेकांवर बसली की अंतर जुळलं. मग शेजारच्या भोकातून चौकट बघायची आणि बटण दाबायचं. लेन्स फिरवली की तिचा मागचा कडा आतल्या एका छोट्या चाकाला ढकलतो, आणि ते चाक दुसरं चित्र सरकवतं. बस्स, एवढंच नातं. (जाता जाता: रशियन फेड किंवा झोर्की कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव कोरून विकण्याचा धंदा जोरात असतो. लेन्स काढून आत बघायचं. खऱ्या लायकात हे गोल फिरणारं चाक असतं, त्या कॅमेऱ्यांत पाचरीसारखा तुकडा. सरांच्या कॅमेऱ्यात चाक आहे. मी घाबरत घाबरत बघितलं होतं.)

म्हणजे हा कॅमेरा लेन्समधून कधीच बघत नाही. लेन्सने जेवढं सांगितलं तेवढ्यावर विश्वास ठेवतो. लेन्स म्हणते, 'मी एवढी पुढे सरकले, म्हणजे एक मीटरवर बघते आहे.' कॅमेरा म्हणतो, 'बरं.' आम्ही ज्याला दोन प्रणालींमधला करार म्हणतो तसला हा करार. तो बिघडला तरी कुठेही लाल दिवा लागत नाही. रोल धुतल्यावरच कळतं.

आणि या कॅमेऱ्याची गंमत अशी की त्याची लेन्स ३९ मिलिमीटरच्या आट्यांवर बसते. तेच आटे जर्मनीशिवाय जपानने वापरले, रशियाने वापरले, इटली आणि इंग्लंडमध्येही वापरले गेले. त्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षांतल्या शेकडो लेन्स यावर फिरवून बसवता येतात. पण बसते म्हणून चालतेच असं नाही. हे मला कसं कळलं, तीच आजची गोष्ट.

२०१८ च्या गणपतीत मी गावी आले होते, तेव्हा सरांना भेटायला गेले. सर ऐंशीचे. मला बघून म्हणाले, "या, इंजिनीयरबाई." चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून चामड्याच्या केसमधला हा कॅमेरा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण ती दोन चित्रं आता काही जुळत नाहीत. तू घेऊन जा. तुला जमेल." मी नको नको म्हटलं, पण अगदी तोंडदेखलं.

त्यावर सरांची मूळ लेन्स होती. एल्मार ५० मिलिमीटर, एफ ३.५. आत ढकलली की चपटी होते, बाहेर ओढून फिरवली की घट्ट बसते. मॅक्स बेरेक नावाच्या माणसाने लायकाच्या अगदी सुरुवातीच्या काळात, म्हणजे १९२५ च्या सुमारास, ही रचना केली. चार भिंगं, त्यातली दोन एकमेकांना चिकटवलेली. मी मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. आपल्या कोकणातला पावसाळा, वर चामड्याची केस आणि बंद लाकडी कपाट. बुरशीला याहून चांगलं घर कुठे मिळणार?

खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. नवी लेन्स घ्यायला निमित्त मिळालं. एफ ३.५ म्हणजे किती मंद! लेन्सचा हा आकडा जितका लहान तितकी ती जास्त प्रकाश आत घेते. एफ १.५ ची लेन्स एफ ३.५ च्या जवळजवळ साडेपाचपट प्रकाश घेते. कॉम्प्युटर विकत घेताना आपण जसे आकडे बघतो तशी मी लेन्सचे आकडे बघत होते. मोठा प्रोसेसर, जास्त मेमरी, लहान एफ. एल्मार काढून एका डबीत ठेवली आणि विसरले.

मग सुरू झाली शोधाशोध. वर्षभर रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी लेन्सबद्दल वाचत बसायची. लायकाची स्वतःची समार, १९३३ सालची, एफ २. तिचं पुढचं भिंग इतकं मऊ काचेचं की साडीच्या पदराने पुसत राहिलात तरी ओरखडे पडावेत. आज मिळणाऱ्या बहुतेक समार अशाच, शाळेच्या बाकासारख्या चरे पडलेल्या. समोर उजेड आला की सगळं चित्र दुधाळ. तिच्यानंतरची १९३९ ची समितार बरी, तिचं पुढचं भिंग मोठं, पण तीही बॅटरी लावून बघितल्याशिवाय घेऊ नये. पन्नाशीच्या दशकातली समिक्रॉन उत्तम. तिच्या किमतीत मात्र माझ्या मुलीची एका वर्षाची फी निघाली असती, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

जपानी लेन्सची गोष्ट मला फार आवडते. १९५० साली 'लाइफ'चा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. तिथे एका जपानी छायाचित्रकाराने त्याचा फोटो निकॉर लेन्सने काढून त्याला दाखवला. डंकनचा विश्वास बसेना. त्याने जाऊन त्या लेन्स तपासल्या, आपल्या लायकावर चढवल्या आणि कोरियाच्या युद्धाचे फोटो त्यांनीच काढले. तोवर जपानी माल म्हणजे स्वस्तातली नक्कल असं जग समजत होतं. तर मीही एक जपानी ५० मिलिमीटर मागवली. विक्रेत्याने लिहिलं होतं, 'काच स्वच्छ.' आली तेव्हा खिडकीपाशी धरून बघितली, खरोखर स्वच्छ. रात्री अंधारात बॅटरी लावली तर मधल्या भिंगावर मोतीबिंदू. अनेक जुन्या लेन्समध्ये आतल्या वंगणाची वाफ अ‍ॅपर्चरच्या मागच्या काचेवर बसते आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली तर काच खाते. मग ती पुसून निघत नाही. परत पाठवायला खर्च आला, पैसे निम्मेच मिळाले. कोणाकडून घेतली ते इथे सांगत नाही. अंधारात न बघता 'पोचली, छान आहे' असं कळवण्याची घाई माझीच.

शेवटी रशियन ज्युपिटर-३ घेतली. ५० मिलिमीटर, एफ १.५. हिची कुळी फार थोर. लुडविग बेर्टेले याने त्साइसमध्ये तिशीच्या दशकात सोनार नावाची रचना केली, तिची ही थेट लेक. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियनांनी त्साइसची सामग्री आणि माहिती नुकसानभरपाई म्हणून नेली आणि तिकडे त्या लेन्स ज्युपिटर नावाने बनू लागल्या. सोनारची हुशारी कशात, तर भिंगं सात पण ती तीन गटांत चिकटवलेली. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर साध्या काचेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तो नुसता वाया जात नाही, आतल्या आत फिरून चित्रावर धुकं धरतो. तीन गट म्हणजे सहा पृष्ठभाग. त्या काळातल्या चार गटांच्या लेन्सना आठ. सहा पृष्ठभागांतून ७८ टक्के प्रकाश पार होतो, आठांतून ७२. १९३५ मध्ये त्साइसमधल्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली. तोवर ही बचत फार मोठी होती.

पाहिलंत, अजूनही मी तिचं कौतुकच करते आहे. लेन्स सुंदरच आहे. माझ्याकडची आतून स्वच्छ होती, फिरायला तुपासारखी मऊ.

२०१९ च्या दिवाळीत मी ती लावून सरांकडे गेले. पाडव्याची दुपार होती. सर पडवीत आरामखुर्चीत बसले होते, अंगात पांढरा सदरा, एका बाजूने अंगणातला उजेड. मी एका मीटरवर स्टुलावर बसले. लेन्स पूर्ण उघडी, एफ १.५, शटर एक पाचशेवर. नाकावर नाक नाही, डोळ्यावर डोळा जुळवला, अगदी श्वास रोखून. सर हसत होते. म्हणाले, "एवढा वेळ लावलास तर मी म्हातारा होईन." चार फोटो घेतले. मला खात्री होती की आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो माझ्या हातून निघाला आहे.

पुण्याला येऊन रोल धुतला. चारही फोटोंत डोळे मऊ, धुसर. आणि कान एकदम स्पष्ट. कानाच्या पाळीवरचा केस न केस मोजता येईल इतके.

तुम्ही हसताय ते ठीक आहे. ज्या सरांनी आपल्या सगळ्यांचे कान पिरगळले त्यांचे कान तेवढे नीट यावेत हा न्यायच म्हणायचा. मला तेव्हा हसू आलं नाही.

पहिला संशय हातावर. पण शटर एक पाचशे होतं, हात हलून असं होत नाही, आणि चारही फोटोंत चूक एकाच दिशेने होती. दुसरा संशय कॅमेऱ्यावर. सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तेच केलं. आधी रेंजफाइंडर लांबच्या मोबाईल टॉवरवर धरला, दोन टॉवर एकावर एक बसले. मग जेवणाच्या टेबलावर बारा काड्यापेट्या तिरक्या रांगेत मांडल्या, कॅमेरा स्टँडवर, सहाव्या पेटीवर नेम. ज्युपिटरने आठवी पेटी स्पष्ट आली. मग डबीतली बुरशीवाली एल्मार काढली, तिने काढला. चित्र मळकट, पण सहावीच पेटी स्पष्ट. कॅमेरा निर्दोष होता.

मग कागद-पेन्सिल घेतली. लायकाच्या हिशेबात ५० मिलिमीटरची प्रमाण लेन्स खरी ५१.६ मिलिमीटरची असते, आणि आतलं चाक त्याच हिशेबाने बनवलेलं. रशियनांनी त्साइसचं प्रमाण उचललं, ते सुमारे ५२.४. आठ दशांश मिलिमीटरचा फरक. लांबच्या वस्तूंना तो जाणवत नाही. पण एक मीटरवर लेन्सला जेवढं पुढे सरकायला हवं त्यापेक्षा ती सुमारे ०.०९ मिलिमीटर कमी सरकते, आणि स्पष्टता एक मीटरऐवजी १.०३ मीटरवर जाऊन बसते. तीन सेंटिमीटर मागे. आता एफ १.५ ला एक मीटरवर स्पष्टतेची जाडी किती? पुढे-मागे मिळून साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे मागे जेमतेम पावणेदोन. तीन सेंटिमीटरची चूक त्यात मावत नाही. एफ ३.५ ला हीच जाडी आठ सेंटिमीटरच्या वर जाते, तिथे ती चूक गुपचूप मावली असती.

शिवाय त्या पडवीत एफ १.५ ची गरजच नव्हती. ४०० च्या फिल्मवर एफ ३.५ आणि शटर एक साठ, आरामात निघालं असतं. म्हणजे सरांचीच लेन्स साफ करून नेली असती तरी पुरलं असतं. लेन्समध्ये दोष नव्हता, ती तिच्या स्वतःच्या करारानुसार बरोबर होती. तिच्या आत पातळ चकती घालून ती लायकासाठी जवळच्या अंतरावर जुळवता येते, जाणकार तसं करतात. मला ते माहीत नव्हतं, कारण मी आकडा वाचला होता आणि पुढचं वाचलं नव्हतं.

सरांना मी फोटो दाखवलेच नाहीत. म्हटलं, पुढच्या खेपेला नीट काढून दाखवू. २०२० मध्ये कोणी कुठे जाऊ शकलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर गेले. त्या लाटेत आपल्यापैकी अनेकांच्या घरात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मी जास्त बोलत नाही.

नंतर सरांच्या मुलीने, म्हणजे ताईने, मला विचारलं, "तू दिवाळीत फोटो काढले होतेस ना?" मी आढेवेढे घेतले, मग त्यातला एक मोठा करून पाठवला आणि खाली माफी लिहिली. तिचा फोन आला. म्हणाली, "बाबांचे कान असेच होते गं, आजोबांसारखे." तो फोटो आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. मी जाते तेव्हा त्याच्याकडे पाठ करून बसते. आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत होता, गांधीजींना त्यांच्या हत्येच्या दिवशीच भेटला होता. त्या रात्री बिर्ला हाऊसच्या फाटकाशी नेहरू लोकांना ती बातमी सांगतानाचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे, आणि तो चांगलाच धूसर आहे. नवऱ्याने माझी समजूत घालायला हे उदाहरण दिलं. मी म्हटलं, तिथे अंधार होता. माझ्याकडे दुपार होती.

असो. मग मी एल्मार मुंबईतल्या एका जुन्या कारागिरांकडे नेली. त्यांनी ती हातात घेतली, फिरवली आणि विचारलं, "इतकी वर्षं काय करत होता?" पंधरा दिवसांनी मिळाली. बुरशी गेली, पण जिथे तिने लेप खाल्ला तिथे पुसट नक्षी राहिली आहे. बॅटरी लावली तर दिसते. फोटोत मात्र सूर्य थेट समोर नसेल तर काही दिसत नाही. चार भिंगांची ही साधी लेन्स उघडी असतानाही मध्यभागी नीटस, कडेला थोडी मऊ, आणि एफ ८ ला कोपऱ्यापर्यंत कुरकुरीत. तिची एक खोड आहे. अ‍ॅपर्चर बदलायचा खटका पुढच्या कड्यावर आहे, नखाने सरकवावा लागतो, आणि वर छत्री लावली की तो झाकला जातो. दुसरी खोड म्हणजे बाहेर ओढून नीट फिरवायचं विसरलात तर सगळा रोल धुसर. सरांनी हे सगळं तीस वर्षं सांभाळलं आणि आपण त्यांना झाकणावरून हसलो.

काल रात्री जेवताना दोघा-तिघांनी विचारलं की घरात आजोबांचा असा कॅमेरा आहे, लेन्स घ्यायची तर काय बघायचं. तर थोडक्यात सांगते. आधी अंधारात, मागून बॅटरी लावून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून आत बघा. बारीक धूळ आणि एखादा बुडबुडा असेल तर सोडून द्या, जुन्या चांगल्या काचेत बुडबुडे असतातच. जाळं, धुकं किंवा कडेला इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसला तर थांबा. पट्टा म्हणजे चिकटवलेली भिंगं सुटायला लागली आहेत. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर आजच्या एसएलआर कॅमेऱ्यात ती अडचण होते, कारण तिथे पात्यांना क्षणात मिटावं लागतं. रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये पाती तुम्ही हाताने लावता, तिथे थोड्या तेलाने बिघडत नाही. पण तेच तेल वाफ होऊन काचेवर बसतं, म्हणून ते का आलं याची चौकशी करा. लेन्स फिरवताना जड लागली तर ग्रीस वाळलं आहे, ते बदलता येतं. आणि घेतल्यावर पहिलं काम काड्यापेट्यांचं, माणसांचे फोटो नंतर.

ठेवायची ती चामड्याच्या केसमध्ये नाही. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि शक्य असेल तर छोटा आर्द्रतामापक, पन्नासच्या आसपास ठेवा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. महिन्यातून एकदा बाहेर काढून वापरा. उन्हात फिरताना झाकण लावा. या कॅमेऱ्याला आरसा नाही आणि शटर कापडी आहे. लेन्स सूर्याकडे रोखलेली राहिली तर ती भिंगाने कागद जाळावा तसं शटरला भोक पाडते. म्हणजे सर झाकण लावत होते ते बरोबरच होतं. फक्त एकदा काढायला विसरले.

आता शेवटचं. हा आपला १९९५ चा वर्गाचा फोटो. पायऱ्यांवर चार रांगा, ४८ जण. सगळ्यात खालच्या पायरीवर डाव्या टोकाला जो उभा आहे तो अर्धाच आलाय. एक डोळा, एक खांदा आणि एक चप्पल. गेली तीस वर्षं आपण त्याला त्यावरून पिडतो. तो आज समोर बसलाय, नाव घेत नाही. काल संध्याकाळी मी टेप घेऊन अंगणात गेले. पायऱ्यांपासून समोरच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत अंतर सात मीटर. सर भिंतीला पाठ लावून उभे राहिले असणार, त्याहून मागे जायला जागाच नाही. ५० मिलिमीटरच्या लेन्सला सात मीटरवरून पाच मीटर रुंदी दिसते. एका रांगेत बारा जण, प्रत्येकाला एक हात धरला तरी साडेपाच मीटरच्या आसपास. तो अर्धा राहिला त्यात ना सरांचा दोष, ना त्याचा. गणितच तसं होतं.

माझ्याकडे आता ३५ मिलिमीटरची समारोन आहे, एफ ३.५. तिला त्याच भिंतीपासून सात मीटरहून जास्त रुंदी दिसते. तिच्यासाठी वर वेगळा चौकटीचा डोळा लावावा लागतो, तोही आणला आहे. पण तिने काढला तर दोन्हीकडे सायकल स्टँड आणि पाण्याची टाकी येते, टोकाची माणसं ताणल्यासारखी रुंद दिसतात, आणि ते आपल्यापैकी कोणालाच आता परवडणारं नाही. चेहरेही लहान होतात. ५० ने फिल्मवर एकेक डोकं दीड मिलिमीटरच्या वर येतं, ३५ ने सव्वाच्याही खाली. आज आपण ३१ जण आहोत. काही जण परदेशात आहेत, काहींना सुट्टी मिळाली नाही, आणि तिघं आता येणार नाहीत. चार रांगा केल्या तर एका रांगेत आठ. रुंदी वाढली आहे हे धरून अर्धा अर्धा मीटर दिला तरी चार मीटर. सरांच्या एल्मारमध्ये सगळे मावतो. एफ ८ ला साडेचार मीटरपासून पुढे पंचवीस मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येईल, कानही आणि डोळेही.

साडेचारला पायऱ्यांवर या. त्या वेळी ऊन कौलांमागे जातं, डोळे बारीक करावे लागणार नाहीत. उंच मंडळी मागे, गुरुजन मध्ये खुर्चीवर. डाव्या टोकाचा जो आहे त्याने सरळ मधोमध येऊन उभं राहावं. आणि बटण दाबायच्या आधी कोणीतरी मला मोठ्याने विचारा, झाकण काढलं का.